परळचे उंदीर आणि कुष्ठरुग्णाचा जंतू

कमल रणदिवे यांचं नाव निघालं की बहुतेकांना एकच वाक्य आठवतं : भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभारली. ते खरंच आहे, आणि सगळी नोकरी पेशी वाढवण्यात घालवलेल्या माझ्यासारखीला त्याचा अभिमानही वाटतो. पण मला विचाराल, तर बाईंच्या कामातलं सगळ्यात फळलेलं काम ते, ज्यात मूळ आशा पुरी झाली नाही.

बाई पुण्याच्या, जन्म १९१७चा, माहेरच्या समर्थ. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत; मुलीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. मुलीनं एम.एस्सी.ला सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रं घेतली आणि लग्न केलं ते गणितज्ञाशी. मुंबईत आल्यावर टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम सुरू झालं. खानोलकर म्हणजे आपल्याकडच्या रोगनिदानशास्त्राचे आद्य पुरुष. धोतराची गाठ कमरेला घासते तिथे होणाऱ्या कॅन्सरवरही त्यांनी लिहिलंय.

रणदिवे यांचा विषय स्तनाचा कॅन्सर, प्राणी उंदीर. काही वाणांच्या माद्यांना तो हमखास होतो, काहींना क्वचितच. अशा चार वाणांच्या निरोगी स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून मुळात फरक कुठे आहे, हे खानोलकर आणि त्यांनी तपासलं. रोग दिसण्याआधीची ग्रंथी पाहायची, ही नजर मला फार मोलाची वाटते. आणि त्यामागची मेहनत निबंधात कुठेच दिसत नाही. शुद्ध वाण म्हणवून घ्यायला सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लागोपाठ वीस पिढ्या लावावी लागते. उंदरीण तीन आठवड्यांत वितेही, पण पिल्लं वयात येईपर्यंत धरलं तर वर्षाला जेमतेम चार पिढ्या. म्हणजे पाच वर्षं तर नुसती वंशावळीची वही सांभाळण्यात जातात. मधे एखादा पिंजरा चुकला की पुन्हा पहिल्यापासून!

१९४९ साली पीएच.डी. झाली आणि बाई बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. १९५१ मध्ये हेला पेशी, म्हणजे भांड्यात अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, वाढल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. सावकाश फिरणाऱ्या नळ्यांत पेशी जगवण्याची युक्तीही त्यांचीच. ती विद्या रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आयसीआरसीत, रुजवली.

आणि तिथे ती कॅन्सरच्या कुंपणाबाहेर गेली. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेननं दाखवला, पण काचेच्या भांड्यात तो कुणाच्याच हाती लागला नव्हता. हा जंतू मज्जातंतूंत वस्ती करतो. मग त्याला मज्जापेशींच्या सान्निध्यातच वाढवून का पाहू नये? सहकारी बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मज्जागंडिकांच्या पेशी वाढवल्या, त्यांत कुष्ठरुग्णाच्या गाठीतलं द्रव्य घातलं आणि जंतू वाढला. साल १९५८. निबंधाच्या शीर्षकात मात्र त्याला त्यांनी कुष्ठाचा जंतू म्हटलं नाही. रुग्णाकडून मिळालेला एक आम्लरोधी मायकोबॅक्टेरियम, एवढंच. हा संयम मला आवडतो. पुढे कळलं, की तो कुष्ठाचा नव्हेच, एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला आहे. खरा जंतू आजतागायत भांड्यात वाढलेला नाही.

दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. आयसीआरसीत तो जपला गेला, कारण पृष्ठभागावरचे त्याचे काही घटक कुष्ठजंतूशी जुळतात. ज्या कुष्ठरुग्णांच्या शरीरात गाठी माजतात, त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा कुष्ठजंतूपुरती झोपलेली असते. लेप्रोमिनची, म्हणजे मारलेल्या कुष्ठजंतूंच्या द्रव्याची, सुई टोचली तरी त्वचा उत्तर देत नाही. डॉ. माधव देव आणि बापट यांनी हा जंतू गॅमा किरणांनी मारून त्याची लस केली, आणि ती टोचल्यावर अशा काही रुग्णांची त्वचा उत्तर देऊ लागली. १९९१पासून तमिळनाडूत चेंगलपट्टूकडे सुमारे १ लाख ७१ हजार निरोगी माणसांवर निरनिराळ्या लशी पारखल्या गेल्या. १९९८ साली निकाल छापून आला : क्षयावरच्या बीसीजी लशीचं संरक्षण ३४ टक्के, आयसीआरसीच्या लशीचं साडेपासष्ट.

पण तोवर कुष्ठावरचा बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत, गावोगाव पोचला होता, रुग्ण झपाट्यानं घटत होते आणि लशीची निकड ओसरली होती. बाईंना पद्मभूषण त्याआधीच, १९८२ साली मिळालं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी वेगळंच काम धरलं : अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी पोरांच्या खाण्यापिण्याच्या, कुपोषणाच्या नोंदी गोळा करणं. वंशावळीची वही सांभाळलेला हात तिथेही नोंदींवरच बसला.