पर्यावरणशास्त्र : पदव्युत्तर शिक्षण (प्रदूषण व पर्यावरण व्यवस्थापन)

हवा, पाणी व माती यांचे प्रदूषण मोजणे, त्याची कारणे व परिणाम शोधणे आणि ते रोखण्यासाठी तांत्रिक, प्रशासकीय व कायदेशीर उपाय योजणे यांचे पदवीनंतरचे शिक्षण. भारतात ते प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमातून, तसेच पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक. किंवा एम.ई. अभ्यासक्रमातून दिले जाते. व्यवस्थापन, धोरण किंवा कायदा यांना प्राधान्य देणाऱ्या पदव्या व पदविका अलीकडच्या काळात सुरू झाल्या. नोंदीतील विवेचन भारताला, त्यातही महाराष्ट्राला धरून केले आहे.

या शाखेत येणारा विद्यार्थी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी घेऊन येतो. त्यामुळे पहिले सत्र सर्वांना एका पातळीवर आणण्यात जाते. रसायनशास्त्राच्या पदवीधराला परिसंस्था व अन्नसाखळी शिकावी लागते, तर जीवशास्त्राच्या पदवीधराला अनुमापन आणि संख्याशास्त्र. हा वेळ वाया गेला असे काही विद्यार्थ्यांना वाटते. पण नदीतील माशांच्या मृत्यूचे कारण शोधायचे, तर पाण्यातील ऑक्सिजन, वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याची प्रक्रिया आणि माशाचे शरीर या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला निदान वाचता आल्या पाहिजेत.

इतिहास : भारतातील या शिक्षणाचे मूळ सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीत आहे. पिण्याचे शुद्ध पाणी आणि शहराचे सांडपाणी हेच सुरुवातीचे प्रश्न होते. त्यांच्या संशोधनासाठी 1958 मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. 1974 मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच आजची ‘नीरी’, असे झाले. कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकले होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 चा आणि त्यानुसार स्थापन झालेले मंडळ 1970 चे. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम मात्र 1974 मध्ये आला. दरम्यान जून 1972 मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली व इंदिरा गांधी यांनी तेथे भाषण केले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरण विज्ञानांचे स्वतंत्र संकुल 1974 मध्येच सुरू झाले.

1981 मध्ये हवेविषयीचा अधिनियम झाला. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो माणसे मरण पावली आणि त्यानंतर 1986 चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. या कायद्यांमुळे प्रदूषण मोजणारी, अहवाल लिहिणारी व प्रक्रिया केंद्रे चालवणारी माणसे मोठ्या संख्येने लागू लागली आणि ती तयार करण्याचे काम विद्यापीठांकडे आले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणशिक्षणाविषयी आदेश दिला. त्याची नेटाने अंमलबजावणी 2003 नंतर झाली आणि पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांच्याकडून पाठ्यपुस्तक लिहवून घेतले. पर्यावरणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधरांसाठी अध्यापनाचे एक क्षेत्र यामुळे खुले झाले.

अभ्यासाचा गाभा : या शिक्षणात सर्वांत महत्त्वाचा आहे तो नमुना. वर्गातील सिद्धांत पुस्तकातूनही शिकता येतात. नमुना कसा, कोठून आणि कधी घ्यायचा हे नदीकाठीच शिकावे लागते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत 1888 पासून वापरात आहे. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे आणि जागेवरच मँगनस सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड घालून ऑक्सिजन ‘फिक्स’ करायचा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर जवळजवळ नाही. पुढचे सल्फ्युरिक आम्ल, स्टार्च व थायोसल्फेटचे अनुमापन प्रयोगशाळेत होऊ शकते, पण पहिली पायरी काठावर केली नाही, तर प्रयोगशाळेत मिळणारा आकडा नदीचा राहत नाही. गटाराच्या तोंडाशी घेतलेला नमुना, त्याच्या वरच्या अंगाचा नमुना आणि पाणी पुरेसे मिसळल्यानंतरचा खालचा नमुना या तिघांचे अर्थ वेगवेगळे असतात. कारखान्याचे सांडपाणी दिवसभर सारखे नसते, म्हणून एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यापेक्षा ठरावीक अंतराने घेऊन एकत्र केलेला मिश्र नमुना अनेकदा अधिक खरे सांगतो.

जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, ही या शाखेतील सर्वांत परिचित चाचणी. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, ते तिच्यातून कळते. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर नेमलेल्या शाही आयोगाच्या कामातून ती रूढ झाली. तिकडे ती 20 अंश सेल्सिअसला पाच दिवस करतात. भारतीय मानकात मात्र 27 अंशांना तीन दिवस असा बदल आहे, कारण आपल्या नद्यांचे पाणी उबदार असते. चाचणी ग्राह्य ठरण्यासाठी अखेरीस लिटरमागे निदान 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन शिल्लक राहावा आणि निदान 2 मिलिग्रॅम खर्ची पडावा लागतो. म्हणून एकाच नमुन्याची वेगवेगळ्या प्रमाणात विरल केलेली अनेक मिश्रणे लावावी लागतात. आंघोळीस योग्य पाण्याची बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि प्रक्रियेनंतर नदीत सोडायच्या सांडपाण्याची 30 पर्यंत, अशी मानके आहेत. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवनीतून निघणाऱ्या ‘स्पेंट वॉश’ची बीओडी सुमारे 40 ते 50 हजार असते आणि एक लिटर अल्कोहोलमागे हे गडद तपकिरी पाणी साधारण 8 ते 15 लिटर निघते. पश्चिम महाराष्ट्रातील साखरपट्ट्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. त्याच्या गावाच्या ओढ्याने ते पाहिलेले असतात.

हवेचा नमुना याहून वेळखाऊ. छतावर ठेवलेल्या यंत्रातून 24 तास हवा खेचायची आणि गाळणकागदाचे आधीचे व नंतरचे वजन घ्यायचे. कागदाने आर्द्रता शोषली असेल, तर सगळा हिशेब चुकतो. सल्फर डायऑक्साइडसाठी वेस्ट व गेके यांची आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जेकब व हॉखायझर यांची पद्धत शिकवली जाते. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत 12 प्रदूषके असून त्यांतील 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा घनमीटरला दिवसाची 60 व वर्षाची 40 मायक्रोग्रॅम आहे. वार्षिक सरासरीसाठी वर्षात निदान 104 मोजमापे, म्हणजे आठवड्याला दोन, लागतात. एवढी चिकाटी ठेवणारे मोजमाप केंद्र चालवायला माणूस, वीज आणि देखभाल तिन्ही सतत लागतात आणि याची कल्पना विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच यायला हवी. चिमणीतून निघालेला धूर कोठे व किती उतरेल याचे गणित, हिवाळ्यातील तापमानाचे व्युत्क्रमण आणि त्यासाठीची संगणकीय प्रतिमाने हा याचा पुढचा भाग. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेच्या पूर्वानुमानाची व्यवस्था 2010 मध्ये दिल्लीत सुरू झाली व नंतर पुणे आणि मुंबईतही आली.

मोजमाप आणि कायदा यांची गाठ 1974 च्या अधिनियमातील कलम 21 मध्ये पडते. कारखान्यातील सांडपाण्याचा नमुना घेताना मालकाला जागेवरच सूचना देणे, नमुना त्याच्यासमोर दोन भागांत विभागणे, भांडी मोहरबंद करणे व त्यांवर दोघांच्या सह्या घेणे असा क्रम तेथे सांगितला आहे. तो पाळला नाही, तर पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. अचूक अनुमापन केलेला आकडा एका राहून गेलेल्या सहीपायी निरुपयोगी होतो. व्यवस्थापनाचा खरा धडा येथे आहे आणि तो कायद्याच्या पेपरपुरता न ठेवता प्रात्यक्षिकातच शिकवला पाहिजे.

व्यवस्थापन : या भागात घनकचरा, जैववैद्यकीय, घातक व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम, पर्यावरणीय लेखापरीक्षण, आयएसओ 14001 ही मानक व्यवस्था, तसेच उद्योगांचे वर्गीकरण येते. 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषण निर्देशांकावरून उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा असे गट केले. त्या वर्गीकरणात निर्देशांक 60 वा अधिक असलेला उद्योग लाल गटात जात असे. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत उद्योगाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावयाचे पर्यावरणविवरण भरणे हे बहुतेक नव्या पदवीधरांच्या वाट्याला येणारे पहिले काम.

पर्यावरणीय आघात मूल्यांकन मात्र अधिक खोलात जाऊन शिकण्यासारखे आहे. त्याची पहिली अधिसूचना 27 जानेवारी 1994 ची, आजची चौकट 14 सप्टेंबर 2006 ची. छाननी, व्याप्तिनिश्चिती, लोकांचा सहभाग आणि मूल्यमापन असे तिचे टप्पे आहेत. मोठे प्रकल्प केंद्राकडे, तुलनेने लहान राज्याकडे जातात. जनसुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. हा सारांश गावकऱ्याला समजेल असा लिहिणे हे कोणत्याही प्रयोगाइतकेच अवघड कौशल्य आहे आणि आपल्या अभ्यासक्रमांत त्याला फार कमी तास मिळतात. अहवाल तयार करणारी संस्था प्रकल्पधारकाच्या पैशावर चालते, हा या व्यवस्थेतील मूळ दोष. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर तसाच उतरवल्याचे उघड झाले होते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर कोणत्या हंगामात कोणती फुले येतात हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याच्या हातून असा अहवाल सहीसाठी पुढे जाणार नाही. क्षेत्रकार्याचे तास कमी करणाऱ्या प्रत्येक अभ्यास मंडळाने हे उदाहरण समोर ठेवावे.

महाराष्ट्रातील अभ्यासक्षेत्रे : प्रदूषणाचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही, ही दुःखाची बाब आहे. केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या अहवालात देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदले होते. त्यांपैकी 53, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. 2022 मध्ये देशाचा आकडा 311 वर आला, राज्याचा 55 झाला. 2009 मध्ये 88 औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला गेला, तेव्हा अंकलेश्वर, वापी व गाझियाबादनंतर चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथे आले. कोळसाखाणी, औष्णिक वीज आणि सिमेंट एकाच टापूत आल्याचा हा परिणाम. पंचगंगेवर कोल्हापूर शहराचे सांडपाणी, साखर कारखाने आणि इचलकरंजीचे कापडप्रक्रिया उद्योग या तिन्हींचा भार एकत्र येतो. 2012 मध्ये याच इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. लोणार सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. प्रत्येक रंगबदल प्रदूषण नसतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

कोल्हापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नांदेड व सोलापूर येथील विद्यापीठांत या विषयाचे विभाग किंवा संकुले आहेत. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय व भारती विद्यापीठाची पर्यावरणशिक्षण संस्था यांनीही पदव्युत्तर वर्ग चालवले आहेत. अभियांत्रिकीकडे मुंबईची आयआयटी, व्हीजेटीआय आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय ही प्रमुख नावे. सागरी प्रदूषणासाठी गोव्यात दोनापावला येथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील दोन वर्षांचा अभ्यासक्रम 88 श्रेयांकांचा असून त्यात संशोधनपद्धती, संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यस्थळी प्रशिक्षण अनिवार्य आहे. कार्यस्थळी प्रशिक्षणाचा हा बदल स्वागतार्ह आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर काही आठवडे काम केलेला विद्यार्थी फेसाचा रंग आणि गाळाचा वास पाहून केंद्राची तब्येत सांगू लागतो.

पुढील संधी : अध्यापनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’मध्ये पर्यावरण विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. ‘गेट’मध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर 2021 पासून आला. राज्य मंडळातील क्षेत्र अधिकारी, महापालिकांची प्रक्रिया केंद्रे, उद्योगांतील पर्यावरण विभाग, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि सल्लागार संस्था ही नोकरीची नेहमीची ठिकाणे. ऑक्टोबर 2010 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, ज्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे, न्यायिक सदस्यांच्या बरोबरीने तज्ज्ञ सदस्य बसतात. विज्ञानातील पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट किंवा अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी आणि संबंधित क्षेत्रातील 15 वर्षांचा अनुभव असलेला माणूस तेथे निकालावर सही करू शकतो.