मुंबई राजधानी एक्स्प्रेस : डबे, इंजिने आणि सुरक्षितता

मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली धावणारी राजधानी एक्स्प्रेस (१२९५१/१२९५२) १९७२ मध्ये सुरू झाली. देशातील पहिली राजधानी मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली–हावडा मार्गावर धावली होती. पूर्णतः वातानुकूलित असलेली मुंबईची गाडी सुमारे १,३८५ किलोमीटरचे अंतर रात्रभरात, साधारण साडेपंधरा तासांत पार करते.

डबे

२००३ पर्यंत या गाडीला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या (आयसीएफ) रचनेचे डबे होते. हे डबे स्क्रू कपलिंग व बाजूच्या बफरांनी जोडले जात. गाडी रुळांवरून घसरल्यास ते एकमेकांवर चढण्याचा धोका अधिक असे. त्यांच्या जागी आलेल्या जर्मन रचनेच्या एलएचबी डब्यांना मध्यवर्ती बफर कपलर असून, डब्यांवर डबे चढू नयेत हा त्याचा हेतू आहे. चाकांच्या आसांवर डिस्क ब्रेक आहेत. लांबी वाढल्याने त्रिस्तरीय डब्यातील शायिका ६४ वरून ७२, तर द्विस्तरीय डब्यातील ४६ वरून ५२ झाल्या. आयसीएफ रचनेच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. जुलै २०२१ पासून या गाडीला स्वयंचलित दरवाजे, सीसीटीव्ही आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा असलेले ‘तेजस’ श्रेणीचे शयनयान डबे जोडण्यात आले.

इंजिने

मुंबई–विरार पट्ट्यात पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी, तर त्यापुढे २५,००० व्होल्ट एसी वीजप्रवाह होता. त्यामुळे पश्चिम रेल्वेवर दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम श्रेणीची इंजिने वापरली जात. फेब्रुवारी २०१२ मध्ये हा पट्टाही एसीवर आल्याने ती गरज संपली. त्यानंतरच्या डब्ल्यूएपी-५ इंजिनाला चार, तर डब्ल्यूएपी-७ ला सहा चालक आस आहेत. पहिले वेगासाठी, तर सुमारे ६,३५० अश्वशक्तीचे दुसरे जड गाड्यांसाठी उपयुक्त ठरते.

डब्यांतील दिवे व वातानुकूलनासाठी पूर्वी गाडीच्या दोन्ही टोकांना डिझेल जनरेटरचे डबे लागत. ‘हेड ऑन जनरेशन’ पद्धतीत ही वीज ओव्हरहेड तारेतून इंजिनामार्फत मिळते. त्यामुळे डिझेल, धूर आणि आवाज यांत बचत होते. आणीबाणीसाठी एक जनरेटर डबा कायम ठेवला जातो.

सुरक्षिततेची मर्यादा

सुधारित डबे अपघाताची तीव्रता कमी करतात, अपघात टाळत नाहीत. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ चुकीच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळलेल्या कोरोमंडल एक्स्प्रेसलाही एलएचबी डबे होते. त्या दुर्घटनेत २९० हून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. दोष सिग्नल यंत्रणेत आढळला. म्हणूनच डब्यांइतकेच महत्त्व सिग्नल व्यवस्थेच्या देखभालीला आणि लाल सिग्नल ओलांडला गेल्यास आपोआप ब्रेक लावणाऱ्या ‘कवच’ प्रणालीला आहे. मुंबई–दिल्ली मार्गावरील मथुरा–कोटा टप्प्यात ही प्रणाली जुलै २०२५ मध्ये कार्यान्वित झाली.