टाइप वन मधुमेह : आकडा वाचावा कसा?

मधुमेह म्हटला की आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी फिरायला लागलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. गोड बंद, गोळ्या सुरू आणि तीन महिन्यांनी तपासणी हा त्या मधुमेहाचा परिचित क्रम. याच नावाचा दुसरा एक आजार मात्र बहुधा बालपणी किंवा पौगंडावस्थेत जडतो. चांगले खाते-पिते मूल काही आठवड्यांत वाळते, सारखे पाणी पिते, रात्री लघवीला उठते आणि निदान लांबले तर थेट अतिदक्षता विभागात पोहोचते. हा ‘टाइप वन’ मधुमेह. तो मोठेपणीही होऊ शकतो. पाकिस्तानचा विख्यात द्रुतगती गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ साली, वयाच्या तिशीत आणि कारकीर्द ऐन भरात असताना मधुमेहाचे निदान झाले. इन्शुलिन घेत तो त्यानंतरही अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते. इन्शुलिन तयार करण्याचे काम याच पेशींचे. त्या गेल्या की इन्शुलिन बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नसते. गोड जास्त खाल्ले, आईने गरोदरपणी पथ्य पाळले नाही, असे दोषारोप घराघरांतून होतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे करण्यात यश मिळवले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. तोपर्यंत हे निदान म्हणजे मृत्युपत्रच होते.

इन्शुलिनमुळे जीव वाचला, तरी ते किती घ्यायचे हा प्रश्न उरलाच. निरोगी शरीर हा हिशेब क्षणोक्षणी, आपल्या नकळत करीत असते. टाइप वन मधुमेहात तो रुग्णाला, आणि रुग्ण लहान असेल तर त्याच्या आईवडिलांना, रोज जाणीवपूर्वक करावा लागतो. रक्तशर्करा मोजणारी उपकरणे आली ती या हिशेबासाठी.

परीक्षानळीपासून सेन्सरपर्यंत

आज साठीच्या पुढे असलेल्या मधुमेहींना बेनेडिक्ट द्रावण आठवत असेल. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचे. रंग हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी होतो यावरून साखरेचा अंदाज बांधायचा. या पद्धतीत दोन मोठ्या उणिवा होत्या. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि साखर धोकादायकरीत्या खाली गेली तर हे द्रावण काहीच सांगत नाही. शिवाय जो रंग दिसतो तो काही तासांपूर्वीच्या साखरेचा.

बोटातील थेंबावरून घरच्या घरी रक्तशर्करा मोजण्याची वाट १९७० च्या दशकाच्या आरंभी मोकळी झाली. तोवर अशी यंत्रे फक्त दवाखान्यांना विकली जात. अमेरिकेतील रिचर्ड बर्नस्टीन हे स्वतः टाइप वनचे रुग्ण आणि व्यवसायाने अभियंता. त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने असे एक यंत्र मिळवले, दिवसातून अनेकदा साखर मोजण्यास सुरुवात केली आणि त्यानुसार इन्शुलिन व आहार बदलत नेले. वैद्यकीय नियतकालिके एका अभियंत्याचे म्हणणे ऐकेनात, तेव्हा या गृहस्थांनी पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला! घरच्या तपासणीचा पुरस्कार डॉक्टरांच्या आधी एका रुग्णाने केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शास्त्रीय पुरावा १९९३ साली आला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, तर मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे ५० टक्क्यांनी कमी आढळला. मात्र त्याच गटात साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. टाइप वनच्या उपचारातील सारी ओढाताण या दोन निष्कर्षांत आहे. साखर खाली आणायची, पण फार खाली जाऊ द्यायची नाही.

एक थेंब, अनेक चुका

ग्लुकोमीटर विश्वसनीय असला तरी तो अंदाजच सांगतो. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅमच्या वरील बहुतांश नोंदी प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असल्या तरी यंत्र उत्तीर्ण होते. त्यामुळे लागोपाठ दोन थेंबांत १६२ आणि १७५ आले, तर यंत्र बिघडले असे समजू नये.

खऱ्या चुका वेगळ्याच असतात. आंबा चिरून हात न धुता तपासणी केली, तर बोटावरच्या रसामुळे आकडा भरमसाट वाढू शकतो. त्यावर विसंबून इन्शुलिन घेतले तर अनर्थ ओढवेल. म्हणून साबणाने हात धुवून ते कोरडे करावेत. सुई बोटाच्या टोकाला टोचू नये, कडेला टोचावी. तेथे वेदना कमी होते. कोकणातल्या पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने पट्ट्या खराब होतात. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत यंत्र ठेवणेही तितकेच घातक. बहुतेक ग्लुकोमीटर सुमारे ४० अंशांपर्यंतच भरवशाने चालतात.

इन्शुलिनच्या सिरिंजबाबत आपल्या देशात विशेष सावधगिरी हवी. येथे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतांच्या बाटल्या विकल्या जातात. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल आणि शंभरच्या सिरिंजचे नारिंगी असते. शंभरच्या बाटलीतील औषध चाळीसच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर दहाऐवजी पंचवीस युनिट शरीरात जातात. औषधाच्या दुकानातच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

बाण कुठे वळला आहे?

गेल्या काही वर्षांत दंडाच्या मागील बाजूस चिकटवायचा नाण्याएवढा सेन्सर अनेकांच्या अंगावर दिसतो. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि प्रकारानुसार दहा ते पंधरा दिवस अहोरात्र साखर मोजतो. तो रक्तातील साखर मोजत नाही, तर पेशींभोवतीच्या द्रवातील मोजतो. हा द्रव रक्ताच्या सुमारे पाच ते दहा मिनिटे मागे असतो. जेवणानंतर किंवा खेळताना साखर वेगाने बदलत असते, अशा वेळी बोटाचा आणि सेन्सरचा आकडा जुळला नाही तर दोन्ही बरोबर असू शकतात. त्या कुशीवर झोपल्यास दंड दाबला जाऊन साखर खोटीच कमी दिसते. काही सेन्सरवर ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा, तर काहींवर पॅरासिटामॉलचा परिणाम होतो. आकडा आणि अंगाला जाणवणारी लक्षणे यांत विसंगती वाटली की बोटाची तपासणी करावी, हा नियम म्हणूनच आजही कायम आहे.

सेन्सरचे खरे दान म्हणजे आकड्याशेजारचा बाण. समजा, रात्री झोपताना साखर ११० आहे. ग्लुकोमीटरवर हा आकडा पाहून घर निश्चिंत झोपेल. परंतु बाण खाली असेल आणि मूल संध्याकाळी दोन तास कबड्डी खेळून आलेले असेल, तर तोच ११० धोक्याचा आहे. काही खाऊ घालूनच झोपवायला हवे. कष्टाच्या खेळाचा परिणाम कित्येक तास टिकतो आणि मध्यरात्रीनंतर साखर घसरू शकते. बाण आडवा असेल तर शांत झोपावे. बाण वर असेल तर रात्रीच्या जेवणाचे इन्शुलिन पुरले का, याचा विचार करावा.

बाणाचा एक तोटाही आहे. जेवणानंतर तासाभरात साखर २४० दिसली की हात पुन्हा इन्शुलिनकडे जातो. वास्तविक जलद इन्शुलिनचा प्रभाव चार-पाच तास राहतो; आधीची मात्रा अजून काम करीत असते. इन्शुलिनवर इन्शुलिन चढवले की तीन तासांनी घाम, थरथर आणि धावपळ ठरलेली. सेन्सर नवा असताना ही चूक फार होते. दुरुस्तीची मात्रा किती वेळाने आणि किती घ्यावी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलेले बरे.

आलेख कसा असावा, याविषयी २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सोपे निकष सुचवले. दिवसाचा ७० टक्के वेळ, म्हणजे सुमारे १७ तास, साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराहून कमी वेळ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ तपासणी उपयुक्तच आहे, परंतु सकाळी ५० आणि दुपारी ३०० अशा हेलकाव्यांतूनही चांगली सरासरी निघू शकते.

भाकरी, भात आणि साबुदाणा

हिशेबाची दुसरी बाजू ताटात असते. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात, वाटीभर भातात त्याहून अधिक. मूल दोन पोळ्या खाणार की तीन, हे इन्शुलिन टोचण्यापूर्वी ठरावे लागते आणि मुले मध्येच ताटावरून उठतात हे कोणत्याही आईला सांगायला नको. उपवासाच्या दिवशी तर आकडे चक्रावून टाकतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण सेन्सरचा आलेख अक्षरशः काढून दाखवतो. पुरणपोळी मात्र वर्ज्य नाही. ती मोजून खावी, इन्शुलिन त्या प्रमाणात घ्यावे आणि दोन तासांनी काय घडले ते पाहावे. पुढच्या होळीला ती नोंद उपयोगी पडते.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर अथवा ग्लुकोज, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट येथे कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

याच्या उलट, तापात किंवा उलट्या होत असताना ‘खातच नाही, मग इन्शुलिन कशाला’ असे म्हणून इंजेक्शन बंद करणे ही जीवघेणी चूक ठरते. आजारपणात शरीराला इन्शुलिन बहुधा अधिकच लागते. साखर २५० च्या वर राहिली, पोटात दुखू लागले, श्वास जोरजोरात होऊ लागला, तर केटोन तपासावेत आणि डॉक्टरांशी बोलावे. एखाद्या काढ्याने ‘मुळापासून बरे करतो’ असे सांगून इन्शुलिन सोडायला लावणारे गावोगाव भेटतात. अशा वेळी ग्लुकोमीटरचा आकडा त्या घराचा सर्वांत प्रामाणिक सल्लागार असतो.

खर्च आणि घरातले प्रश्न

पट्टीची किंमत २० रुपये धरली तर दिवसाला चार तपासण्यांचे महिन्याकाठी २,४०० रुपये होतात. इन्शुलिन आणि सुया वेगळ्या. सेन्सर सतत वापरायचा तर खर्च याच्या कितीतरी पुढे जातो आणि सेन्सरशी जोडलेला, इन्शुलिनची मात्रा आपोआप कमी-अधिक करणारा पंप तर मोजक्याच घरांच्या आवाक्यात आहे. ज्यांना रोज चार पट्ट्या झेपत नाहीत त्यांनी रोज सकाळची एकच नोंद घेत राहण्यापेक्षा आठवड्यातील दोन दिवस निवडावेत. त्या दिवशी जेवणांपूर्वी, जेवणांनंतर दोन तासांनी आणि पहाटे तीनला तपासावे. असे दोन पूर्ण दिवस डॉक्टरांना सात सुट्या सकाळींपेक्षा अधिक सांगतात. ज्यांना परवडते त्यांनीही चार पट्ट्या राखून ठेवाव्यात, कारण सेन्सर बंद पडतो तो रविवारी रात्रीच. जमेल तेव्हा, डॉक्टरांना भेटण्यापूर्वीचे दोन आठवडे सेन्सर लावणे हा मधला मार्ग आहे.

पैशाइतकाच अवघड प्रश्न घरातल्या संवादाचा आहे. शाळेतून आलेल्या मुलाला दारातच ‘शुगर किती आली?’ असे विचारले जाते. आकडा मोठा असला की ‘काय खाल्लेस?’ ही उलटतपासणी सुरू होते. मग वहीत खोटे आकडे उमटू लागतात. मधुमेहतज्ज्ञांना ही वही लगेच ओळखू येते. सेन्सर आईवडिलांच्या फोनला जोडलेला असेल तर खोटे आकडे थांबतात, पण मुलाला आपण सतत पाळतीवर आहोत असे वाटू लागते. ‘आकडा ऐकून रागवायचे नाही’ असा करार ज्या घरांनी केला, तेथे वही खरी राहते. मुलीच्या लग्नाच्या काळजीने आजार दडवणाऱ्या घरांत तर इंजेक्शनसुद्धा न्हाणीघरात चोरून घेतले जाते. तेथे उपकरणापेक्षा आधी डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलणे गरजेचे असते. छत्रपती संभाजीनगर येथील ‘उडान’सारख्या संस्था मधुमेही मुलांना आणि त्यांच्या पालकांना एकत्र आणतात, तेही याच कारणासाठी मोलाचे.

शाळेबाबत आता काही आधार उपलब्ध आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ बाळगण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र लिहून अशा मुलांना वर्गात साखर तपासणे, इन्शुलिन घेणे आणि मधल्या वेळी खाणे यांची परवानगी द्यावी, असे सुचवले. शिक्षकांना हे ठाऊक असेलच असे नाही. वर्ष सुरू होताना पालकांनी त्या पत्राची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन दूरध्वनी क्रमांक वर्गशिक्षकांकडे द्यावेत. सोबत एक लहान डबी ठेवावी. तिच्यात ग्लुकोजची पुडी, बिस्किटे, पट्ट्या व सुई असावी आणि झाकणावर ठळक अक्षरांत लिहावे : ‘घाम येऊन हात थरथरू लागले तर आधी ग्लुकोज द्या, मग फोन करा. मुलाला एकटे सोडू नका.’