पलीकडून धरणारा कोण?

अमेरिकेत घर घेतलं की त्याबरोबर गराज येतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये काही वर्षांतच मोटार बाहेर आणि टेबल सॉ आत अशी अदलाबदल होते. सुरुवात बहुधा गणपतीच्या मखरापासून होते. मग देव्हारा, मग मुलांच्या पुस्तकांचं कपाट, मग मंडळाच्या नाटकाचं नेपथ्य. आणि मग शनिवारी दुपारी घराघरांतून एक वाक्य ऐकू येऊ लागतं : "अगं, जरा पलीकडून धर ना!"

मंडळी, या साध्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. करवतीच्या पात्यांचा आणि मोटरचा इतिहास पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. इथे सांगायचं आहे ते करवतीच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल, आणि तो नाहीसा झाल्यावर त्याच्या जागी आलेल्या टेबलाबद्दल. त्याला ‘आउटफीड टेबल’ म्हणतात. आपण सरळ ‘मागचं टेबल’ म्हणूया.

दोघांचं काम

यंत्रं येण्यापूर्वी ओंडका चिरणं हे दोघांचं काम होतं. इंग्लंडमध्ये जमिनीत खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा टाकत. एक जण वर उभा, दुसरा खड्ड्यात. वरचा रेघ सांभाळायचा, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा! आपल्याकडेही मोठा ओंडका चिरायचा तर करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं लागतच. सुतार एकटा काम करायचा खरा, पण धरणारा त्यालाही हवाच असे. जमिनीवर फतकल मारून बसायचं आणि लाकूड पायाने दाबून धरायचं, म्हणजे त्याचा मदतनीस त्याच्याच अंगाला जोडलेला!

गोल पात्याने हे चित्र बदललं. १७७७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने पवनचक्कीवर चालणाऱ्या, गोल पात्याच्या करवतीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत हे श्रेय टॅबिथा बॅबिट या मॅसॅच्युसेट्समधल्या शेकर पंथाच्या बाईंना दिलं जातं. दोन माणसांची करवत एका दिशेनेच कापते आणि परतीची मेहनत फुकट जाते, हे पाहून त्यांनी १८१३च्या सुमारास चरख्याला गोल पातं जोडलं, अशी कथा आहे. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, कारण मिलरचं पेटंट त्याआधीचं आहे. पण बाईंच्या नावावरची निरीक्षणशक्ती मात्र अस्सल सुताराची आहे!

गोल पात्याबरोबर एक नवा प्रश्न आला. पूर्वी लाकूड जागेवर असे आणि करवत हलत असे. आता पातं जागेवर फिरू लागलं आणि लाकूड पुढे सरकू लागलं. सरकून ते जाणार कुठे? गिरणीमध्ये याचं उत्तर सोपं होतं : पलीकडे दुसरा माणूस उभा करायचा. एक जण ढकलणार, दुसरा झेलणार.

हा दुसरा माणूसही धोक्यात असतो, हे अनुभवाने कळलं. तो पात्याजवळ उभा राहिला, वाकून तुकडा उचलायला गेला की हात पात्याच्या टप्प्यात. म्हणून ब्रिटनच्या १९७४च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं : चिरलेलं लाकूड काढून घेणाऱ्याने यंत्राच्या मागच्या टोकालाच उभं राहायचं, आणि पात्यापासून त्या टोकापर्यंतचं अंतर निदान १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार फूट, हवं. टेबल तेवढं लांब नसेल तर रूळ बसवून किंवा अन्य प्रकारे ते वाढवायचं. म्हणजे मागचं टेबल कायद्यात आलं ते त्या दुसऱ्या माणसाचे हात वाचवण्यासाठी.

गराजमधला एकटा माणूस

अमेरिकेत करवत गिरणीतून घरात आली. १९१९ साली मिलवॉकीमध्ये हर्बर्ट टाउट्झने डेल्टा कंपनी सुरू केली आणि घरगुती कारागिरांसाठी छोटी यंत्रं बनवली. १९३९ साली आलेली त्यांची ‘युनिसॉ’ पुढे अनेक दशकं कॅबिनेट सॉचा नमुना ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, घराघराला गराज मिळालं. १९४७ साली ‘शॉपस्मिथ’ आलं, ज्यात करवत, लेथ, ड्रिल सगळं एकाच यंत्रात होतं. जाहिरातींतला माणूस एकटाच हसत काम करताना दिसायचा. गिरणीतला दुसरा माणूस घरी आलाच नाही.

त्याच काळात लाकूडही बदललं. १९०५ साली ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात प्लायवूड लोकांसमोर मांडलं गेलं आणि १९२८ साली चार बाय आठ फुटांचं माप रूढ व्हायला लागलं. पाऊण इंची प्लायवूडच्या पूर्ण शीटचं वजन साठ-सत्तर पौंड भरतं. आणि युनिसॉच्या टेबलाची खोली? फक्त २७ इंच!

आता थोडं गणित करू. पात्याच्या मागे टेबल उरतं ते जेमतेम एक फूट. आठ फुटी शीट ढकलत गेलो की चार फूट टेबलाच्या बाहेर लोंबकळू लागतं, तेव्हा तोल जातो. त्या क्षणी अजून सुमारे तीन फूट कापायचं बाकी असतं! पुढचं टोक खाली झुकतं, आपल्याकडचं वर उचललं जातं. ते दाबायला आपण पुढे वाकतो, आणि हात जातो नेमका पात्याकडे. शीट तिरकी होऊन पात्याच्या मागच्या बाजूच्या, वर येणाऱ्या दातांना चिकटली तर ते दात तिला उचलून आपल्याच अंगावर भिरकावतात. यालाच ‘किकबॅक’ म्हणतात. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याच्या कडेचा वेग ताशी १२० मैलांच्या जवळपास असतो. आपण सावरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

हे टाळायचे निरनिराळे मार्ग लोकांनी शोधले. विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ साली बर्लिनमध्ये लाकडासकट सरकणारं टेबलच बनवलं. रेमंड डीवॉल्टने १९२२ साली पातं वरच्या दांड्यावर टांगलं, म्हणजे आडवं कापताना लाकूड पुन्हा जागेवर राहिलं. अलीकडचा शोध ‘सॉस्टॉप’चा. स्टीफन गॅस हे भौतिकशास्त्राचे डॉक्टर आणि पेटंट वकील. त्यांनी १९९९ साली शोधलेल्या यंत्रणेत पात्याला त्वचा लागताच पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. २००४ पासून त्यांच्या करवती बाजारात आल्या. त्याची गरज किती होती? ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात अमेरिकेत टेबल सॉमुळे सुमारे ३३ हजार जखमी इमर्जन्सी रूममध्ये पोचले, आणि त्यातले ३० हजारांहून अधिक पात्याला हात लागून.

सॉस्टॉप बोट वाचवते. पण झुकणारी शीट तिला दिसत नाही. ते काम मागच्या टेबलाचंच.

घरच्या माणसाला हाक मारण्यापूर्वी

मग "पलीकडून धर" म्हटलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की न शिकलेला मदतनीस धरत नाही, ओढतो. किंवा वजन वाटलं की टोक वर उचलतो. दोन्हींमुळे लाकूड कुंपणापासून, म्हणजे फेन्सपासून, सुटतं आणि पात्यात आवळतं. पलीकडच्या बिचाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो, आणि इजा मात्र अलीकडच्याला होते. बायको असो, दहावीतला मुलगा असो की भारतातून आलेले बाबा, यात दोष त्यांचा नाही.

टेबल ओढत नाही, दमत नाही, आणि चहा झाला का म्हणून आत जात नाही! ते बनवणं मखरापेक्षा सोपं आहे. पूर्ण शीट कापायची असेल तर मागे चार फूट लांबी धरा. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. प्लायवूडवर सनमायका चिकटवून वर थोडं मेण घासलं तरी काम होतं. त्याची उंची करवतीच्या टेबलापेक्षा किंचित, सोळांश ते अष्टमांश इंच, कमी ठेवा. वर राहिलं तर पुढे येणारं लाकूड कडेला अडतं, आणि भर कापताना अडणं फार वाईट. माइटर गेजची पट्टी पुढे येते, तिच्यासाठी करवतीच्या खाचांच्या रेषेत खाचा ठेवा. गराजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते, तेव्हा पायांना उंची जुळवता येणारे बोल्ट लावा आणि पाणसळ ठेवून बघा. जागा कमी असेल तर बिजागरीवर खाली दुमडणारं टेबल करा. बाजारात एका रुळाचे स्टँडही मिळतात, पण तो रूळ पात्याशी गुण्यात नसेल तर लाकडाला हळूच बाजूला वळवतो, हे ध्यानात असू द्या.

खड्ड्यातल्या माणसापासून गिरणीतल्या झेलणाऱ्यापर्यंत, करवतीच्या पलीकडे नेहमीच कुणीतरी होतं. त्यांची नावं पेटंटांवर नाहीत. परदेशात आपली बरीच कामं आपण एकट्याने करायला शिकलो, हेही त्यातलंच. फक्त एकटं काम करताना पलीकडच्याची जागा रिकामी ठेवू नका. पुढच्या गणपतीचं मखर कापण्याआधी एक शनिवार या टेबलाला द्या, आणि घरच्यांना फराळाच्या तयारीला किंवा मखर रंगवायला बोलवा. दिवाळीत पणत्या लावणाऱ्या हातांची दहाही बोटं शाबूत राहोत, हीच शुभेच्छा!