श्रमथकवा, विसावा आणि कायदा : मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव (१८८४ ते १९११)

प्रस्तावना

कामाच्या ताणातून येणाऱ्या शक्तिपाताला आज 'बर्नआउट' म्हटले जाते. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये अमेरिकेत ही संज्ञा अभ्यासविषय म्हणून मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिचा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाशी जोडला आहे. तरीही योग, ध्यान, छंद असे उपाय बहुधा व्यक्तीलाच सुचवले जातात. गिरणी कामगाराचा थकवा मुख्यतः शारीरिक होता. तो आणि बर्नआउट एकच नव्हेत. परंतु थकव्याचे कारण कामाच्या रचनेत असताना त्याचे निवारण एकट्या कामगाराने करावे काय, हा प्रश्न दोहोंना समान आहे. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात त्याचा मागोवा घेतला आहे.

सुट्टीची मागणी

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने बालकामगारांना काही संरक्षण दिले. प्रौढांच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. गिरणी साधारणतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर वेतन आणि अपघाताची भरपाई या मागण्यांच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. विश्रांतीची ही मागणी वेतन व अपघात यांच्याच पंक्तीत बसवलेली होती, हे लक्षणीय आहे. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला. प्रौढ पुरुषांचे तास मात्र अमर्यादच राहिले.

टंगळमंगळीचा वाद

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार आपल्या परीने मार्ग काढीत. मधेच साचा सोडून बाहेर जाणे, विडी ओढणे, आवारात थोडे बसणे ही त्यांची 'स्व-काळजी' होती. तीही निर्वेध नव्हती. नेमणूक व रजा यांवर जॉबरचा अंमल असल्याने त्याची मर्जी सांभाळावी लागे. विणकर उक्त्यावर काम करीत, त्यामुळे साचा थांबला की मजुरी बुडे.

पुढे याच सवयीचा उपयोग कामगारांविरुद्ध झाला. १९०७ मध्ये नेमलेल्या फॅक्टरी श्रम आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांनी हिंदी कामगार स्वभावतःच टंगळमंगळ करणारा असल्याचे मानले आणि प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास विरोध केला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. टंगळमंगळ हे दीर्घ तासांचे कारण नसून परिणाम आहे, ते कामगाराचे आत्मसंरक्षण आहे आणि म्हणून तासच कायद्याने मर्यादित करावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९११ च्या कायद्याने अखेर कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तासांवर आली, आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा ठरली.

निष्कर्ष

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कामगाराने स्वतःपुरता मिळवलेला विसावा त्याला तगवून धरीत होता, पण दिवसाची लांबी कमी करू शकत नव्हता. दुसरी, तोच विसावा त्याच्या आळसाचा पुरावा ठरवला गेला, म्हणजे रचनेतील दोष व्यक्तीच्या स्वभावावर ढकलला गेला. संघटित मागणी आणि कायदा यांमुळेच विश्रांती जॉबरच्या मर्जीवरून हक्काच्या पातळीवर आली. आजच्या आस्थापनांत ताणमुक्तीची शिबिरे भरतात. त्यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र कामाचा बोजा, तास आणि निर्णयाधिकार तसेच ठेवून कर्मचाऱ्याला केवळ मनःशांतीचा उपदेश करणे, ही १९०८ च्या बहुमताचीच भूमिका सौम्य शब्दांत पुन्हा मांडणे होय.