परतीच्या बोलीवर विकलेला कॅमेरा

डिस्पोजेबल कॅमेऱ्याच्या अंगावरचा छापील पुठ्ठा सोलला की आत काळ्या प्लास्टिकची एक हलकी डबी निघते. तिच्यातली खरी करामत बाहेरून दिसत नाही. साध्या कॅमेऱ्यात रोल भरला की फोटोगणिक फिल्म आपल्या डबीतून बाहेर येत जाते, आणि रोल संपला की ती उलटी गुंडाळून पुन्हा आत न्यावी लागते. इथे उलटी तऱ्हा असते. कारखान्यातच, अंधारात, सगळी फिल्म डबीबाहेर काढून एका मोकळ्या रिळावर गुंडाळून ठेवतात. आपण अंगठ्याने दातेरी चाक फिरवलं की नुकताच काढलेला फोटो थेट धातूच्या डबीत जाऊन बसतो. म्हणून वरचा आकडा २७ पासून खाली उतरत जातो, आणि म्हणूनच एखाद्या पोराने मधेच कॅमेरा उघडला तरी काढून झालेले फोटो वाचतात. जातात ते न काढलेले.

एवढा विचार ज्या वस्तूत भरला आहे, ती चार दिवस वापरून हातावेगळी करायची असते. फोटो हवे असतील तर कॅमेरा लॅबच्या स्वाधीन करावा लागतो, आणि लॅबवाला फोटो देतो, कॅमेरा देत नाही. या घराण्याचा मूळपुरुष शोधत मागे गेलं की दिसतं, ही रीत आजची नाही. इथला प्रत्येक कॅमेरा परतीच्या बोलीवरच विकला गेला आहे.

मूळपुरुष १८८८ सालचा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाची एक पेटी बाजारात आणली. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरूनच आलेली. तोवर फोटोग्राफी म्हणजे काचा, रसायनं आणि अंधारी खोली यांचा संसार होता. फोटो काढणाऱ्यालाच तो धुवावाही लागे. ईस्टमनच्या पेटीला डोळा लावून पाहायची खिडकीसुद्धा नव्हती. दोरी ओढायची, बटण दाबायचं, चावी फिरवून फिल्म पुढे न्यायची. फोटो गोल यायचे, अडीच इंच व्यासाचे, कारण स्वस्त भिंग कडेला जो धूसरपणा आणतं तो गोलाच्या बाहेर कापून टाकता येई. शंभर फोटो झाले की अख्खी पेटी रॉचेस्टरला पाठवायची. १० डॉलरात फोटो छापून आणि नवी फिल्म भरून पेटी घरी परत येई.

ईस्टमनने लोकांना विकला तो कॅमेरा नव्हेच, असं मला वाटतं. त्याने अंधाऱ्या खोलीतून सुटका विकली. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

१९०० मध्ये त्याच कंपनीचा एक डॉलरचा ब्राउनी आला. त्यात रोल घरच्या घरी, उजेडात बदलता येई, त्यामुळे कॅमेरा घरात राहिला आणि प्रवासाला नुसता रोल जाऊ लागला. आपण सगळे या दुसऱ्या शाखेत वाढलो. आपल्याकडचा आग्फा क्लिक थ्री, त्याचे बारा चौकोनी फोटो, रोल धुवायला टाकणं, कॉपी काढून घेणं, हे सगळं ब्राउनीच्या वंशातलं. पेटीच परत पाठवण्याची थोरली शाखा मागे पडली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फोटो-पॅक नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा निघाला होता: आठ फोटो, किंमत १ डॉलर २९ सेंट, काढून झाले की टपालाने रवाना. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये फेक्स कंपनीने बारा फोटोंचा तसाच एक काढून पाहिला. दोन्ही तगले नाहीत.

का तगले नाहीत? माझ्या मते दोन गोष्टींची वेळ अजून यायची होती, आणि त्या दोन्ही जपानमधून आल्या. १९७६ मध्ये फुजीने ४०० स्पीडची रंगीत निगेटिव्ह फिल्म बाजारात आणली. फिल्म जितकी वेगवान तितका तिला प्रकाश कमी लागतो, आणि स्वस्त भिंगाला ढगाळ दिवशीही निभावता येतं. त्याच दशकात नोरित्सु कंपनीने दुकानाच्या एका कोपऱ्यात मावेल असं फोटो धुण्या-छापण्याचं यंत्र तयार केलं. पेटी टपालाने दूरच्या कारखान्यात धाडून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याची गरज उरली नाही. परतीची वाट गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

१ जुलै १९८६ ला फुजीने 'उत्सुरुन देसु' विकायला काढला. २४ फोटो, किंमत १३८० येन. कंपनीने त्याची गणना कॅमेऱ्यांत केली नाही. भिंग जोडलेली फिल्म म्हणून तो विकला. सहलीला निघालेल्या आणि कॅमेरा घरी विसरलेल्या माणसासाठी तो होता, म्हणून त्याची जागा कॅमेऱ्यांच्या काचेच्या कपाटात नव्हती; स्टेशनावरच्या टपरीत आणि पर्यटनस्थळाच्या दुकानात होती. पहिल्या मॉडेलात ११० नावाची बारीक फिल्म होती. तिची निगेटिव्ह जेमतेम १३ बाय १७ मिलिमीटर, त्यामुळे फोटो मोठा केला की दाणे दिसायचे. पुढच्याच वर्षी फुजीने ३५ एमएमची फिल्म घातली, निगेटिव्हचं क्षेत्रफळ जवळपास चौपट झालं, आणि लवकरच फ्लॅशही आला. जगभर गेला तो हा अवतार.

त्यातलं भिंग प्लास्टिकचं असतं. ते फिरत नाही, छिद्र लहानमोठं होत नाही, शटरचा वेग एकच. आजच्या फुजी क्विकस्नॅपची मापं घ्या: ३२ मिलिमीटरचं भिंग, छिद्र एफ/१०, शटर सेकंदाचा १४० वा भाग, फिल्म ४००. भिंग रुंद आणि छिद्र बारीक, म्हणून साधारण एका मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. स्वस्त भिंगातून प्रतिमा सपाट पडत नाही, वाकलेली पडते. भिंग सुधारणं महाग, तेव्हा यांनी फिल्मच वाकवली: आतली पाठ किंचित गोलाई देऊन घडवली, म्हणजे फिल्म वाकलेल्या प्रतिमेला जाऊन भेटते. मला या सगळ्या यंत्रातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. ज्याला बदलणं परवडत नाही त्याच्या कलाने बाकी सगळं घडवलं.

आता हिशेब करू. रणरणत्या उन्हात ४०० च्या फिल्मला जेवढा प्रकाश पुरतो, त्याच्या सुमारे सातपट या कॅमेऱ्यातून आत येतो. डिजिटल फोटो एवढ्याने पांढराफटक पडेल. रंगीत निगेटिव्ह मात्र जादा प्रकाश पचवते, आणि छापताना लॅब तो सावरून घेते. सावलीत प्रकाश बरोबर मापात बसतो. रात्री घरातल्या दिव्यांत तो लागेल त्याच्या सुमारे शंभराव्या भागावर येतो, आणि निगेटिव्हला उपासमार मुळीच सोसत नाही. तिथे फ्लॅशला पर्याय नाही. हे एकदा कळलं की अशा कॅमेऱ्याचे फोटो कधी छान येतात आणि कधी काळेकरडे, याचं कोडं उरत नाही.

कोडॅकने १९८७ मध्येच आपला कॅमेरा काढला आणि त्याचं नाव ठेवलं फ्लिंग, म्हणजे फेकून द्या. लोक भडकले, आणि ते योग्यच होतं: प्लास्टिकचा ढीग वाढवणारी वस्तू वर तसं मिरवतेही आहे. पुढे कोडॅकने फन सेव्हर हे नाव घेतलं आणि १९९० च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी लॅबकडून रिकामे सांगाडे परत गोळा करायला सुरुवात केली. ते तपासायचे, फ्लॅशचे सुटे भाग पुन्हा वापरायचे, फुटकं प्लास्टिक वितळवायचं. ईस्टमनची पेटी शंभर वर्षांनी पुन्हा कारखान्याच्या दिशेने निघाली, फक्त गिऱ्हाइकाच्या नकळत.

पण सगळे सांगाडे कारखान्यात पोचत नव्हते. लॅबच्या मागच्या खोलीत साठलेले सांगाडे दलाल विकत घेत, ते चीनमध्ये जात आणि तिथे त्यांना दुसरा जन्म मिळे. पुठ्ठा काढायचा, जोडलेलं प्लास्टिक कापून उघडायचं, नवी फिल्म भरायची, गुंडाळणीचं चाक बदलायचं, फ्लॅशचा सेल बदलायचा, आकडा पुन्हा वर आणायचा, डबी बंद करायची, नवा पुठ्ठा चढवायचा. जॅझ फोटो नावाची अमेरिकी कंपनी असे कॅमेरे विकत होती. फुजीने तक्रार केली: आमच्या पेटंटची ही चोरी आहे, वर कॅमेऱ्यावर एकदाच वापरा असं छापलेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने विचार केला तो असा: ही नवी वस्तू घडवली की जुन्या वस्तूची दुरुस्ती केली? निकाल आला, दुरुस्ती. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा हक्क मालकाचा आहे, आणि पाकिटावरची सूचना म्हणजे करार नव्हे. फक्त एक अट घातली: कॅमेरा पहिल्यांदा अमेरिकेतच विकलेला असला पाहिजे. ही अटही २०१७ मध्ये छपाईच्या काडतुसांवरून गाजलेल्या लेक्समार्क खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. फोन, ट्रॅक्टर, प्रिंटर आपले आपण दुरुस्त करण्याच्या हक्कावर आज जगभर जो वाद चालू आहे, त्यात या कवडीमोलाच्या डबीचा वाटा आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लग्नांत जेवणाच्या प्रत्येक टेबलावर एकेक कॅमेरा ठेवायची पद्धत पडली. लग्नासाठी खास पांढऱ्या पुठ्ठ्यातले कॅमेरेही निघाले. नेमलेला फोटोग्राफर स्टेजकडे तोंड करून उभा असतो. टेबलावरचे कॅमेरे पाहुण्यांकडून पाहुण्यांचे फोटो काढून घेत. मग डिजिटल आलं. २००३ मध्ये प्युअर डिजिटल कंपनीने ईस्टमनचाच डाव नव्याने मांडला: स्वस्तातला डिजिटल कॅमेरा, फोटो काढा आणि दुकानात परत करा. हौशी लोकांनी त्याला घरी केबल जोडली, फोटो उतरवून घेतले आणि कॅमेरा ठेवून दिला. फिल्मचा कॅमेरा परत येतो, कारण रसायनाशिवाय त्यातलं काही दिसतच नाही. डिजिटलला परत आणणारं असं काहीच नव्हतं.

गेल्या काही वर्षांत तरुण मुलं पुन्हा हे कॅमेरे मागू लागली आहेत. निवडताना बहुतेक जण कंपनीचं नाव पाहतात. पाहायचा तो फिल्मचा स्पीड, फ्लॅश आणि तारीख. लग्नाला, वाढदिवसाला, हॉलमधल्या कुठल्याही समारंभाला फ्लॅशवालाच घ्या, आणि फ्लॅशची मजल तीन मीटरपर्यंतच असते हे हाताळणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश पावपट होतो, त्यामुळे मागच्या रांगेतून मांडवातली मुहूर्ताची घटका टिपायला जाणं म्हणजे फ्रेम वाया घालवणं. शेजारच्या खुर्चीतली आत्या मात्र झकास येते. अंगणातली हळद दिवसा असेल तर फ्लॅशशिवायही भागतं. फ्लॅशचं बटण दाबल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो थांबून दिवा लागेपर्यंत धीर धरायचा. तारकर्लीसारख्या ठिकाणी पाण्यात उतरायचं असेल तर पारदर्शक कवचातला वॉटरप्रूफ प्रकार असतो, ८०० स्पीडचा. फुजीचा दहा मीटर खोलीपर्यंत चालतो, कोडॅकचा पंधरा. त्याला फ्लॅश नसतो, म्हणून तो दिवसाउजेडी आणि पृष्ठभागाजवळ वापरावा. ब्लॅक अँड व्हाइट हवं असेल तर इलफर्डचे दोन मिळतात. त्यांतला एक्सपी२ रंगीत फिल्मच्याच रसायनात धुतला जातो, एचपी५ ला वेगळं रसायन लागतं. त्यामुळे विकत घेण्याआधी आपली लॅब कोणता धुते ते विचारा.

पुठ्ठ्यावर मुदतीची तारीख असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या काचेमागे पडून राहिलेला माल तारखेआधीही बिघडतो, तेव्हा जितकी लांबची तारीख तितकं बरं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नका. विमानप्रवासात तो चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नका, तिथली क्ष-किरण यंत्रं जबर असतात. हातातल्या सामानासाठीही आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर बसले आहेत आणि तेही फिल्मवर धुरकट छटा आणतात. हाताने तपासा अशी विनंती करावी. आणि फ्लॅशवाला कॅमेरा उत्सुकतेपोटी घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.

शेवटी लॅब निवडा, शक्यतो कॅमेऱ्याच्याही आधी. रंगीत फिल्मचं डेव्हलपर जवळजवळ ३८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं लागतं. रसायनं रोज वापरात असलेली लॅब हे सांभाळते, आठवड्याला एखादा रोल धुणारी लॅब बिचकते. ईस्टमनच्या गिऱ्हाइकाला पेटीही परत मिळे आणि फोटोही. पुढे कॅमेरा गेला, फोटो आणि निगेटिव्ह राहिल्या. आता बऱ्याच लॅब फक्त स्कॅन फोनवर पाठवतात आणि कुणी मागितली नाही तर काही काळाने निगेटिव्ह टाकून देतात. कॅमेरा काउंटरवर ठेवतानाच निगेटिव्ह परत हव्यात असं सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.