पहिल्या मात्रेची ओढ

वाचकहो, अनंत चतुर्दशीला मेन रोडवरून ढोलांचे पथक जात आहे आणि आपण कोपऱ्यावर उभे आहात. वयाला शोभेल असे स्तब्ध उभे राहावयाचे, असे आपण घरून ठरवून आलेले असता. तरी पाय हलतोच! हा पाय कोण हलवितो? ताशा कडकडत असतो, लोकांचे डोळेही त्याच्याकडेच असतात. पण पाय हलवितो तो ढोल. आणि ढोलातही ती एक जाड थाप, जी फिरून फिरून त्याच जागी पडते आणि दर वेळी नवीन वाटते.

आपण तिला सम म्हणतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी १९६५ च्या सुमारास याच थापेच्या बळावर एक सबंध संगीतप्रकार उभा केला. त्याचे नाव फंक. नावाचा मूळ अर्थ कुबट वास असा काहीसा आहे, तेव्हा शब्दावर जाऊ नका. या प्रकाराचा मूळपुरुष जेम्स ब्राऊन. त्याच्या आधीच्या नाचाच्या संगीतात चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका असे. ब्राऊनचे वादकांना बजावणे एवढेच, की मध्ये काय वाटेल ते करा, पण पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र या. मग गिटार, तुताऱ्या, इतकेच काय, गाणाराचा गळासुद्धा तालवाद्य झाला. आपले गवई आणि तबलजी सोळा मात्रांनी समेवर भेटतात, हे लोक चारच मात्रांनी भेटतात. आपल्याकडे समेची वाट पाहावयास लावण्यात मौज आहे. तिकडे वाट पाहावयास सवडच नाही. म्हणून मधल्या तीन मात्रांत काय गाळावयाचे, यात सारी करामत!

आता ही गोष्ट तबकडीवर धरावयाची कशी? १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तीनएक मिनिटांत राग आटोपावा लागे. ठेका तापायला तेवढा वेळ पुरत नाही, हे कोणीही भजनी सांगेल. १९४८ मध्ये दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागली. वेळेचा प्रश्न सुटला. पण बंद खोलीत काचेआड वाजविणाऱ्याला हुंकार कोण देणार?

ब्राऊनला हे कळले होते. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, अपोलो नाट्यगृहात त्याने आपला जलसा मुद्रित करविला. कंपनीचे मालक सिड नेथन यांचे म्हणणे, की जुनीच गाणी लोक पुन्हा कशाला विकत घेतील? व्यापाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. ब्राऊनने पदरचे पैसे घातले. १९६३ मध्ये निघालेली ती तबकडी अमेरिकेतील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ते पुरते फंक नव्हे, पण श्रोत्यांचा आवाज हाही वाद्यवृंदाचाच भाग आहे, हे तिने पटविले. पुरते फंक हवे असेल तर त्याचा ८ मार्च १९७१ चा पॅरिसचा जलसा ऐका. बूट्सी कॉलिन्स नावाचा १९ वर्षांचा पोरगा त्यात बेस गिटार वाजवितो. ही फीत २१ वर्षे पडून होती. १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

तरीही आधी काय ऐकू, असे विचाराल तर मी सांगेन, किंग कर्टिसचे ‘लाइव्ह ॲट फिलमोर वेस्ट’. त्याच मार्चच्या ५ ते ७ तारखांना सॅन फ्रान्सिस्कोत गायिका अरेथा फ्रँकलिन हिचे जलसे झाले, त्यांत कर्टिस आपल्या वादकांसह साथीला होता. या तबकडीची सुरुवात ‘मेम्फिस सोल स्ट्यू’ने होते. सुगरणीने रश्श्याची कृती सांगावी तसा कर्टिस एकेक जिन्नस मागवितो. आधी जेरी जेमटचा बेस. नुसता बेस, आणि तेवढ्यानेच मान डोलू लागते. मग बर्नार्ड पर्डीचे ड्रम. त्याची पायाने वाजणारी झांज किंचित उघडून लगेच मिटते, ती जागा मुद्दाम कान देऊन ऐका. मग कॉर्नेल डुप्रीची गिटार, बिली प्रेस्टनचा ऑर्गन. कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. ध्वनिमुद्रकाने प्रत्येक वाद्य निराळे धरले आहे, तरी दालनाची ऊब तशीच राहिली आहे. ठेका शिकविण्याचा याहून चांगला धडा मी वर्गात कधी देऊ शकलो नाही. दुर्दैव असे, की त्याच वर्षीच्या १३ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये कर्टिसचा भोसकून खून झाला. वय अवघे ३७.

आपल्याकडचे कोणी यात आहे काय? आहे तर! ठुमरी-दादऱ्याच्या शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या शिरोडकर; त्यांचे चिरंजीव त्रिलोक. जन्म मुंबईचा, ऑक्टोबर १९५१ चा. (तो बूट्सीही त्याच महिन्यातला!) तबला शिकलेला हा माणूस गुडघ्यावर बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवितो, तोंडाने बोल म्हणतो, घंटा पाण्याच्या बादलीत बुडवितो. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, काय एकहार्टचा बेस आणि गुर्टू, अशा तिघांचा नोव्हेंबर १९८९ चा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील जलसा मुद्रित झाला आहे. त्याला निव्वळ फंक म्हणता यायचे नाही. पण बेसची ओढ तीच आणि हिशेब तबल्याचा. एक मात्र करा: हे सारे मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचा आवाज उतरतच नाही, म्हणजे ठेकाच उतरत नाही.

आपल्या नाशिक ढोलाचीही तीच गत होते. मिरवणुकीत शेकडो मोबाइल वर होतात. घरी जाऊन ऐकावे, तर ताशाचा कचकचाट तेवढा उरतो. माइक जरा दूर, ढोलाच्या जाड पानाच्या बाजूस ठेवला तरी बरेच काम होईल.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझे वडील पंचवटीत एका भजनी मंडळात पखवाज वाजवीत. डाव्या तोंडाला कणीक लावण्यात त्यांचा अर्धा तास जाई. जास्त झाली, काढ. कमी झाली, लाव. १९९८ साली मी कॉलेजात असताना एका एकादशीला त्यांचे वादन कॅसेटवर घेतले, आणि टेपरेकॉर्डर ठेवला कुठे, तर पेटीवर! वडील आता नाहीत. कॅसेट आहे. तीत पेटी खणखणीत आहे, टाळ त्याहून खणखणीत. त्यांचा उजवा हात डबा वाजविल्यासारखा येतो. डावा हात नाहीच. थाप कुठे पडली असेल, ते टाळांवरून कळते. त्या जागी मी आपला मांडीवर हात मारतो.